राखणीला आणलेलं पिल्लूच करडाचा कान चावतंय

प्रश्न असा आहे: संगमनेर तालुक्यातल्या एका ताईंकडे अडीच एकर शेती आणि लहानमोठ्या १४ शेळ्या आहेत. तिन्ही बाजूंना ऊस. मागच्या हिवाळ्यात बिबट्यानं जाळीवरून उडी मारून वाड्यातल्या दोन शेळ्या नेल्या, पुढे मोकाट कुत्र्यांनी एक पाट, म्हणजे अजून न व्यालेली तरणी शेळी, फाडली. म्हणून त्यांनी राखणीसाठी एका मेंढपाळाकडून कुत्र्याची दीड महिन्याची दोन पिल्लं आणली, सख्खी भावंडं, एक नर आणि एक मादी. आता ती चार महिन्यांची आहेत. दिवसा अंगणात धाकट्या मुलाबरोबर खेळतात, रात्री वाड्याच्या बाहेर खुंट्याला बांधलेली असतात. परवा संध्याकाळी दोघांनी मिळून एका करडाला पळवलं आणि त्याचा कान फाडला. सासरे म्हणतात, कुंपणच शेत खायला लागलं, रक्ताची चटक लागली, मारून सरळ करा नाहीतर लांब सोडून या. ताईंचे यजमान म्हणतात, गावठी जातच अशी, २५ हजार घालून थंड प्रदेशातलं जातिवंत पिल्लू आणू. पाच शेळ्या येत्या दोन महिन्यांत व्यायच्या आहेत. ताई विचारतात, नेमकं काय करू?

ताई, सगळ्यात आधी त्या कानाचं बघा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली १५ मिनिटं धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा आणि माशी बसून अळ्या पडू नयेत म्हणून जखमेवरचा फवारा मारा. करडाला धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीजच्या दृष्टीनं काय करायचं, हे पशुवैद्यकाला आजच विचारा. पिल्लांच्या लसींबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणून टोचलेल्या नसाव्यात असं धरून चालते. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, म्हणजे तुमच्या पिल्लांची वेळ होऊन गेली आहे. डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांच्या लसीही सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात. करडू सोडवताना तुमच्या किंवा मुलाच्या हाताला दात लागला असेल, साधा ओरखडा का असेना, तर लगेच धुऊन सरकारी दवाखान्यात लस घ्या. पिल्लं दिसायला ठणठणीत आहेत म्हणून यात चालढकल करू नका. चावल्यापासून दहा दिवस दोघांवर नजर ठेवा.

आता चटकेचं. चार महिन्यांच्या पिल्लानं करडाचा कान धरला, यात शिकार नाही, खेळ आहे. दोन पिल्लं एकमेकांशी खेळतात तेव्हा कान ओढतात, मानेला लोंबकळतात, पळणाऱ्याच्या मागे धावतात. संगमनेरी शेळीचा लोंबता कान म्हणजे त्यांच्या लेखी हलणारी चिंधी. समोर पिल्लू असतं तर ते उलटून चावलं असतं आणि खेळ तिथेच थांबला असता. करडू पळतं, ओरडतं, आणि खेळाला आणखी रंग चढतो. एकदा रक्त लागलं म्हणून पिल्लू खाटीक होत नाही. पण तुमच्या सासऱ्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. पाठलागात पिल्लाला विलक्षण मजा येते आणि ती मजा चारदोनदा मिळाली की तिची सवय होते. एकदा मुरलेली ही सवय वर्षभर झटूनही सुटेलच असं नाही. म्हणून काळजी चाव्याची नको, पाठलागाची करा. यापुढे एकही पाठलाग होता कामा नये, सगळी शिकवण याच एका गोष्टीभोवती बांधायची.

मारण्यानं हे होत नाही. शेळीजवळ मार खाल्लेलं पिल्लू एवढंच शिकतं की शेळी जवळ आली की दुखतं. मग ते शेळ्यांपासून लांब राहतं, म्हणजे राखणीला निकामी. नाहीतर तुम्ही समोर असताना गप्प बसतं आणि पाठ वळली की पळवतं. बसा, उठा, आण असल्या हुकमांनीही राखणीचा कुत्रा तयार होत नाही. तो शेळ्यांच्या वासात, त्यांच्या रवंथीच्या आवाजात वाढावा लागतो. कळप हेच आपलं घर, असं त्याला वाटलं पाहिजे. ही जवळीक सगळ्यात पक्की बसते ती दोन ते चार महिन्यांच्या वयात, आणि नेमका तोच काळ तुमच्या पिल्लांनी अंगणात मुलाशी खेळण्यात घालवला. ती मेंढपाळाकडची आहेत, दीड महिना मेंढरांच्या वासात होती, एवढी जमेची बाजू. वेळ पूर्ण गेलेली नाही. पण उद्यापासून सुरुवात करायला हवी.

दोन पिल्लांपैकी एकच ठेवा, असं मी स्पष्टच सांगते. एका वयाची दोन भावंडं एकमेकांशी जोडली जातात, शेळ्यांशी नाही. एकटं पिल्लू करडामागे चार पावलं धावून थांबेल, दोघं असली की एक पळवतं आणि दुसरं आडवं जातं. १४ शेळ्यांना एक कुत्रा पुरतो. कोणतं ठेवायचं हे नर की मादी यावरून ठरवू नका. दोघांना वेगवेगळं, दोरी लावून, शांत बसलेल्या शेळीजवळ न्या. जे मान खाली घालून, शेपटी सैल ठेवून हळू जातं, शेळीचं तोंड चाटतं, तिनं डोकं हलवलं की नजर वळवून बाजूला बसतं किंवा कुशीवर लोळतं, ते ठेवा. अंग ताठ करून टक लावून बघणारं, दबून पुढे सरकणारं पिल्लू दुसऱ्या घरी द्या. अंगणाची राखण ते उत्तम करील. देण्याआधी लसी टोचा आणि कोणाकडे द्यायचं ते ठरवूनच द्या. लांब सोडून दिलेलं पिल्लू वाचलंच, तर पुढच्या वर्षी कोणाची तरी पाट फाडणाऱ्या मोकाट टोळीत सामील होतं. दोन्ही ठेवायचीच असतील तर दोघांना वेगळं बांधून, वेगळ्या वेळी शिकवावं लागेल. दिवसाला दुप्पट वेळ जाईल. तो तुमच्याकडे आहे का, हे तुम्हीच ठरवा.

ठेवलेल्या पिल्लासाठी वाड्याच्या आत, कोपऱ्यात, सहा बाय पाच फुटांची जागा जाळीनं वेगळी करा. जाळी खालच्या अडीच फुटांपर्यंत एक इंची घ्या. दोन इंची जाळीतून पिल्लाचं तोंड बाहेर येतं आणि पलीकडे बसलेल्या करडाचा कान हमखास सापडतो. आत पोतं, पाण्याचं जड भांडं आणि बसायला एक फळी द्या. शेळ्या जाळीला पाठ टेकून बसू लागल्या की समजा, त्यांनी त्याला आपलंसं केलं. पिल्लाला जेवण या कोपऱ्यातच द्या. उघड्यावर दिलं तर शेळ्या भाकरी पळवतात. जास्त भाकरी-भात पोटात गेला की शेळीला आम्लता होते, पोट फुगतं, कधी जीवही जातो. शिवाय ताटलीवर गुरगुरायला शिकलेलं पिल्लू पहिला चावा तिथेच घेतं.

शिकवणीची वेळ निवडताना बहुतेकांची चूक होते. संध्याकाळी, दिवस मावळताना करडं उड्या मारतात, एकमेकांना टकरा देतात, गव्हाणीवर चढून उतरतात. त्या वेळी पिल्लाला आत नेणं म्हणजे त्याला पाठलागाचं आमंत्रणच. सकाळी धारा काढून झाल्या, चारा खाऊन शेळ्या रवंथ करत बसल्या, की २०-३० मिनिटं न्या. त्याआधी त्याला बाहेर फिरवून दमवून आणा. १५ फुटांची हलकी दोरी लावा. सोबतीला दोन-तीन वयस्क, शांत शेळ्या असाव्यात. लहान करडं, गाभण आणि नुकत्या व्यायलेल्या शेळ्या नकोत, बोकडही नको. करडाची आई पिल्लाला भिंतीशी दाबून बरगडी मोडू शकते, आणि एकदा घाबरलेलं पिल्लू कळपाजवळ जायला महिनोन्‌महिने कचरतं. शांत शेळीनं डोक्यानं हलकंसं ढकललं तर मात्र मध्ये पडू नका. ती आपल्यापेक्षा चांगली शिकवते.

दोरी धरून बसायचं, बोलायचं नाही. पिल्लू वास घेऊन शेजारी पसरलं की हळू आवाजात शाबासकी आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा. टक लावली, पाय रोवले की धावायच्या आधीच ठसक्यात ‘हं!’. धावलं, तर तिथल्या तिथे दोरी ओढून न बोलता दहा मिनिटं कोपऱ्यात. ओरडायला एका श्वासाइतका उशीर झाला तरी कशासाठी ओरडलात हे त्याला कळत नाही. या कामाला तुमचे सासरे घरातले सगळ्यात योग्य माणूस आहेत. ज्यांना शेळ्यांपाशी निवांत बसता येतं आणि कुठल्या शेळीचा कान कधी ताठतो हे दिसतं, त्यांच्याच हातात दोरी द्या. ‘मामा, मारायचं नाही, फक्त ओरडायचं’ एवढा करार करून घ्या. धाकट्यालाही बाजूला सारू नका. जेवण देणं, पंजे हाताळणं, गोचीड शोधणं ही कामं त्याची. फक्त काठी फेकून आण म्हणणं, पळापळी आणि कापड ओढण्याचे खेळ बंद.

सहा महिन्यांनंतर पिल्लू लांब दोरीवर चरायला सोबत येईल. पण एकटं सोडायचं नाही. आठ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शहाणं झालेलं पिल्लू अचानक पुन्हा करडं पळवू लागतं, आणि ‘एवढं शिकवून फुकट’ म्हणून लोक याच टप्प्यावर हार मानतात. हे वयात येणं आहे. तेव्हा जुनं लोढणं कामी येतं. पट्ट्याला हलक्या लाकडाचा हातभर दांडा असा टांगा की तो पुढच्या गुडघ्यांच्या जरा वर आडवा येईल. चालताना अडचण नाही, धावलं की गुडघ्यांवर आपटतो. आपण समोर असतानाच घाला, रात्री काढा, झुडपात अडकून फास लागू शकतो. सलग महिनाभर पाठलाग नाही, तर एक पायरी पुढे जा. एक जरी झाला, तर पायरी मागे. साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत हे असंच चालायचं.

पहाडी जातीचं म्हणाल तर त्या कुत्र्यांचं कसब खरं आहे. पण हिमाचल-काश्मीरच्या थंडीसाठी मिळालेला दुपदरी केसांचा कोट संगमनेरच्या एप्रिलमध्ये त्याच्या जिवावर उठेल. दिवसभर सावलीत धापा टाकणारा कुत्रा राखण काय करणार? आणि मोबाइलवर दाखवलेल्या पिल्लाचे आई-बाप कधी कळपात झोपले होते का, हे कोणी सांगत नाही. जातीपेक्षा ते महत्त्वाचं. पुढे कधी पिल्लू घ्यायची वेळ आलीच तर धनगराच्या वाघरीत, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, जाऊन पिल्लाच्या आईला मेंढरांमध्ये बसलेली बघा, ती कोकरांशी कशी वागते ते बघा, आणि पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. आई आणि भावंडंच त्याला दात किती जोरात लावायचा ते शिकवतात. तुमची दोन्ही दीड महिन्याचीच आली, त्यांच्या चाव्याला लगाम नसण्यामागे हेही एक कारण आहे.

पण ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गृहीत गोष्ट वेगळीच आहे. कुत्रा असला की बिबट्या येणार नाही, असं तुम्ही धरलं आहे. तुमच्या शेजारच्या अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या आहारात वजनानं सर्वात मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा फक्त ११ टक्के, आणि तेही कुत्र्यांपेक्षा शेळ्या कितीतरी जास्त असताना. रात्री शेळ्या आत कोंडलेल्या असतात, कुत्री बाहेर असतात, हे त्यामागचं एक मोठं कारण. वाड्याबाहेर खुंट्याला बांधलेलं चार महिन्यांचं पिल्लू म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट. आज रात्रीपासून ते आत घ्या. डोंगरातले मेंढपाळ कुत्र्याला खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, तो गळा वाचवतो. बांधलेल्या एकट्या कुत्र्याला तो वाचवत नाही.

बिबट्याला अडवायचं काम वाड्याचं आहे, आणि २५ हजार खर्चायचे असतील तर ते तिथे खर्चा. मोठ्या शेळीला १० ते १२ चौरस फूट, करडाला चार-पाच या हिशेबानं २० बाय १० फुटांचा वाडा तुम्हाला पुरतो. पाया दीड फूट खोल, त्यावर तीन फूट वीट किंवा दगड, त्यावर दहा गेज जाडीच्या तारेची दोन इंची जाळी छतापर्यंत. हवा खेळती राहते, शेळ्यांना न्यूमोनियाचा धोका कमी होतो. छत पूर्ण बंद हवं, पत्रा किंवा पाइपांवर ताणलेली जाळी. वरून उघडं असेल तर आठ फुटांच्या भिंतीलाही बिबट्या जुमानत नाही, तो उडी मारून आत येतो हे तुम्ही अनुभवलंच आहे. दाराच्या खाली चार इंचांपेक्षा जास्त फट नको आणि कडीत खिळा घालायला विसरू नका, नुसती कडी धक्क्यानं उघडते. वाड्याभोवती १५ फुटांत ऊस आणि गवत ठेवू नका. मेलेल्या कोंबड्या, उष्टं-खरकटं उघड्यावर टाकू नका. त्यावर मोकाट कुत्री जमतात आणि त्यांच्या मागे बिबट्या.

मग कुत्रा कशाला? दिवसा चरताना येणारी मोकाट कुत्री, कोल्हे, आणि रात्री शेळ्या उचलायला येणारे चोर यांच्यासाठी. बिबट्या आला तरी त्याचं आतून भुंकणं तुम्हाला जागं करील. एवढं काम पुरेसं वाटत नसेल, शेळ्या दिवसभर वाड्यातच असतील, तर चांगला वाडा बांधून कुत्रा न पाळणं हाही शहाणपणाचाच पर्याय आहे. आणि पुन्हा कधी शेळी गेलीच, तर ती हलवू नका. फोटो काढा, लगेच वनखात्याला कळवा, १९२६ हा त्यांचा मदतीचा नंबर आहे. भरपाई पंचनाम्यावर मिळते. विष किंवा फासाच्या नादाला लागू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे आणि त्यात पहिला बळी बहुधा आपलाच कुत्रा जातो.

कुत्रा ठेवलात तर त्याच्या पोटाकडे लक्ष द्या, कारण त्याचा थेट संबंध शेळ्यांशी आहे. मेलेल्या किंवा कापलेल्या शेळीची मुंडी, फुप्फुसं, काळीज (यकृत) कच्चं घालू नका. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर येतात, आणि शेळीच्या मेंदूत फोड होऊन ती मान वाकडी करून एकाच जागी गोल फिरू लागते. त्याच कुळातला दुसरा कृमी माणसाच्या काळजात गाठी करतो. कुत्र्याला दर तीन महिन्यांनी प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध वजनाप्रमाणे द्या. पिल्लाला सहा महिन्यांचं होईपर्यंत साधं जंतनाशक दरमहा. शेळ्यांचं गोचिडाचं इंजेक्शन अंदाजानं कुत्र्याला टोचू नका, त्यात कुत्री दगावतात. आत्ता दिवसातून तीनदा जेवण हवं. भाकरी-दुधावर हाडं भरत नाहीत, रोज एक-दोन उकडलेली अंडी आणि दीड-दोनशे ग्रॅम शिजवलेलं कोंबडीचं मांस भाकरीत कुस्करून द्या. शिजलेलं हाड आणि कांदा-लसणाचा रस्सा नको. मादी ठेवलीत तर माजावर येते तेव्हा गावभरची कुत्री वाड्याभोवती जमतील, म्हणून तिची नसबंदी कधी करायची ते डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा.

राहिला प्रश्न येत्या वेताचा. तेव्हा पिल्लू सहा महिन्यांचं असेल. त्याला व्यायच्या जागेपासून पूर्ण लांब ठेवा, वार (करडाच्या मागून पडणारं आवरण) पडली की लगेच खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. वार खायला आलेलं अल्लड पिल्लू ओलं करडूही उचलून नेतं. त्याच शेळ्या पुन्हा व्यायला सात-आठ महिने जातील. त्या वेताला पिल्लाला दोरीवर धरून, जाळीबाहेरून बघू द्या. करडं चार-पाच दिवसांची होऊन नीट पळू लागली की त्यांचा वास घेऊ द्या, तोही फक्त त्यांच्या आया शांत असतील तर. तिसऱ्या वेताला ते दोन वर्षांचं होत आलेलं असेल, तेव्हा त्याला व्यायच्या कोपऱ्याच्या दाराशी बसू द्या. आत येऊन ओल्या करडाला चाटून जर ते मागे सरलं, आणि शेळीनं पाय आपटला नाही, तर त्या रात्री त्याच्या कोपऱ्याचं दार उघडं ठेवायला हरकत नाही.